स्वयंपाकघरातील डिजिटल काटा : ताटातील पोषण मोजण्याची पद्धत

आहारतज्ज्ञ ‘एक वाटी भात’ असे सांगतात, पण वाटी प्रत्येक घराची वेगळी असते आणि तीच वाटी सपाट भरली की शिगोशीग, यावरही पुष्कळ अवलंबून असते. मधुमेहामुळे कर्बोदकांचा हिशेब ठेवावा लागणाऱ्यांसाठी हा फरक लहान नाही; म्हणून एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा आणि पाच किलो पेलणारा साधा डिजिटल काटा घ्यावा.

काटा सपाट, न डगमगणाऱ्या ओट्यावर ठेवावा. तो बरोबर आहे का हे पाहण्यासाठी २०११ नंतरची दहा रुपयांची दहा दुरंगी नाणी त्यावर ठेवून पाहावीत. वजन साधारण ७७ ग्रॅम भरले पाहिजे. रिकामे भांडे ठेवून ‘टेअर’चे बटण दाबले की आकडा शून्यावर येतो आणि त्यापुढे फक्त पदार्थाचे वजन दिसते.

सर्वात जास्त चूक होते ती कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची गल्लत केल्यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत आकडे दर १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे असून धान्ये व डाळी त्यात कच्च्या आहेत, तर आपण ताटात वाढतो तो पाणी प्यायलेला, अडीच-तीन पट जड झालेला भात. त्यामुळे तांदूळ शिजवण्यापूर्वीच तोलावेत. समजा २०० ग्रॅम तांदूळ घेतले. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे पातेल्यात एकूण १५६ ग्रॅम झाली. शिजलेला भात, भांड्याचे वजन वजा करून, ५६० ग्रॅम भरला, तर १५० ग्रॅम भातातून सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदके मिळतात. नेहमीच्या पातेल्यांची रिकामी वजने एकदाच तोलून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवली, तर रोजचे काम बरेच हलके होते.

भाकरी तोलूच नये. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या पाच भाकऱ्या झाल्या, तर एकीत साठ ग्रॅम पीठ. तव्यावर किती पाणी उडाले याचा हिशेब करण्याची गरजच उरत नाही. केळे मात्र सोलून तोलावे.

तेलासाठी उलटी रीत सोयीची आहे. बाटली काट्यावर ठेवून शून्य करावे, फोडणीसाठी तेल ओतावे आणि बाटली परत ठेवावी. उणे चिन्हासह दिसणारा आकडा म्हणजे वापरलेले तेल, आणि त्याच्या दर ग्रॅममागे नऊ कॅलरी. मधल्या वेळेत काटा आपोआप बंद पडला तर शून्य हरवते, म्हणून बाटलीचे आधीचे वजन टिपून ठेवणे चांगले. मिठासारखे चिमूटभर पदार्थ या काट्यावर विश्वासाने मोजता येत नाहीत. त्यासाठी डबीतले मीठ आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तोलून, घरातील माणसे आणि दिवस यांनी भागावे.

गरम कुकर थेट काट्यावर ठेवू नये, कारण उष्णतेने आतील संवेदक बिघडतो. कच्चे मांस-मासे नेहमी भांड्यातच तोलावेत आणि नंतर काटा ओल्या फडक्याने पुसावा, नळाखाली धरू नये. काट्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल, तर तिचे झाकण घट्ट बसते याची खात्री करावी. लहान मुलाने ती गिळली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी केवळ काट्यावरील आकड्यांवरून मात्रा बदलू नये, आपली नोंदवही डॉक्टरांना दाखवावी. वाढत्या वयाच्या मुलांचे ताट तर तोलूच नये. मोठ्यांनीही तीन-चार आठवडे मोजल्यावर नजर तयार झाली की काटा फक्त नवीन पदार्थासाठी काढावा, आणि न तोललेला घास खाताना भीती किंवा अपराधी वाटू लागले, तर मोजणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.