बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत? या चुका टाळा

दार खाली घासायला लागलं की लोक पहिल्यांदा रंधा शोधतात. ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण रंधून गेलेलं लाकूड परत येत नाही.

चिपळूणला मावशीकडे मागच्या पडवीचं दार ऐन पावसात उंबऱ्याला घासायला लागलं. लाकूड फुगलं असणार, असं सगळ्यांनी धरून चालून खालची कड रंधून घेतली. आठ दिवसांत दार पुन्हा घासायला लागलं. मी गेले तेव्हा दार अर्धं उघडलं, कडीला धरून वर उचललं, तर वरची बिजागरी चौकटीपासून सुटून हलत होती. तिचे दोन स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होते. दाराचा ओढा वरच्या बिजागरीवर असतो. ती सुटली की दार पुढच्या कोपऱ्यात खाली झुकतं. स्क्रू पक्के केल्यावर दार वर आलं आणि रंधलेल्या जागी बोटभर फट राहिली. ती आजही आहे. तेव्हा रंध्याला हात लावण्याआधी दार उचलून बघा.

दुसरी चूक म्हणजे ढिल्या झालेल्या भोकात जाड स्क्रू ठोकणं. त्याचं डोकं बिजागरीच्या खळग्यात बसत नाही, वर राहतं. दार मिटताना बिजागरीच्या दोन पत्र्यांमध्ये तेच अडतं, आणि आपण जोर लावून ढकललं की चांगले स्क्रूही उपटतात. चौकट भरीव लाकडाची असेल तर तेवढ्याच जाडीचा, लांब स्क्रू चालतो. कपाटाच्या १८ मिलिमीटर प्लायमध्ये मात्र तो पलीकडून बाहेर येतो.

मी काड्याच वापरते. आगपेटीच्या काड्यांचा गूल काढायचा किंवा बांबूची काडी तासून घ्यायची, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोक गच्च भरायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं. इथेच घाई नडते. ओल्या फेव्हिकॉलमध्ये स्क्रू घातला तर तो काड्यांसकट गरगर फिरतो, मग लोक म्हणतात की हा उपाय चालत नाही. अहो, वाळू तर द्या! सकाळी वर आलेल्या काड्या पात्याने सपाट कापा, स्क्रूपेक्षा बारीक बिटाने भोक पाडा आणि शेवटचे फेरे हातानेच द्या. ड्रिल मशीनने आवळताना आटा कधी तुटला ते कळतसुद्धा नाही.

एम-सील भरू नका, दाराच्या हिसक्यांनी त्याचा गोळा सुटतो.

सिंकखालच्या कपाटाचा पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला असेल तर काड्यांचा उपयोग नाही, फुगलेला भाग सोडून बिजागरी वर घ्या.

आणि चांगल्या भोकात स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. टक् करून तो जुन्या आट्यात बसल्याचं हाताला जाणवतं, तिथून सुलटा आवळा.