तिकीट काढायच्या आधी एअरलाइनची चौकशी कशी करायची

दोनेक वर्षांपूर्वी आई-बाबांचं एका छोट्या विमानतळावरून तिकीट काढलं होतं, दुपारची फ्लाइट, आणि आदल्या रात्री नऊला मेसेज आला की ऑपरेशनल कारणामुळे रद्द. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोग पण नाही. दोघं रात्रीच्या स्लीपर बसने गेले, मावसभावाचं लग्न होतं, हळद हुकली ती हुकलीच. मग मी चिडून शोधत बसलो तेव्हा कळलं की त्या कंपनीकडे कागदावर जेवढी विमानं होती त्यातली निम्मी जमिनीवरच उभी होती, आणि आमच्याकडे येणारं विमान एकच, ते बिघडलं की विषय संपला. आणि हे सगळं उघड्यावर होतं हो, दहा मिनिटं घालवली असती तर आधीच कळलं असतं. तेव्हापासून एक वही केलीय, एका कंपनीला एक पान. मालक कोण, विमानं किती आणि कुठली, आणि ती रात्री कुठे मुक्कामाला असतात. एवढंच लिहायचं, पण ते कसं शोधायचं ते सांगतो.

आधी मालक. विमानावर रंगवलेल्या नावावरून मालक कळतो असं समजू नका. सगळ्यात जास्त गोंधळ एअर इंडियाचा होतो म्हणून तेच पान उघडतो. १९३२ साली जेआरडी टाटांनी टाटा एअरलाइन्स म्हणून सुरू केली, पहिली टपाल फ्लाइट कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला, १९४६ ला नाव एअर इंडिया झालं, १९५३ ला सरकारने ताब्यात घेतली, आणि २७ जानेवारी २०२२ ला परत टाटांकडे. सौदा १८,००० कोटींचा, पण त्यात रोख फक्त २,७०० कोटी, बाकीचं १५,३०० कोटी म्हणजे अंगावर घेतलेलं कर्ज. मग टाटांकडे एअरलाइन झाल्या चार, एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, विस्तारा आणि एअरएशिया इंडिया, तर त्यांनी चाराच्या दोन केल्या. एअरएशिया इंडिया, जिचं नाव मध्ये एआयएक्स कनेक्ट झालं होतं, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये एक्सप्रेसमध्ये गेली, आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात. विस्तारात सिंगापूर एअरलाइन्स भागीदार होती, तिला बदल्यात एअर इंडियाचा २५.१ टक्के हिस्सा मिळाला. म्हणजे वहीत लिहायचं: टाटा ७४.९, सिंगापूर २५.१.

आता गंमत. अलायन्स एअर कोणाची? दहातले आठ जण टाटांची म्हणतील, कारण ती आधी एअर इंडियाचीच होती. पण विक्रीत ती गेलीच नाही, ती अजून सरकारकडेच आहे, त्यासाठी काढलेल्या वेगळ्या सरकारी कंपनीखाली. त्यामुळे अलायन्सचं तिकीट घेऊन एअर इंडियाच्या काउंटरवर भांडायला जाऊ नका, ते हात वर करतील आणि त्यांचं बरोबर असेल.

मालक शोधायचा सोपा रस्ता म्हणजे कंपनी शेअर बाजारात आहे का बघा. इंडिगो शोधायची असेल तर इंडिगो नावाने नाही सापडणार, कंपनीचं नाव इंटरग्लोब एव्हिएशन आहे, २०१५ च्या नोव्हेंबरात लिस्ट झाली. शेअर बाजाराच्या साइटवर दर तिमाहीला शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता, टाकावा लागतो, त्यात प्रमोटरचे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांचे, किती टक्के, आणि त्यातले किती तारण ठेवलेत ते पण असतं. तो तारणाचा रकाना मी आधी बघतो. प्रमोटरने शेअर गहाण टाकलेत म्हणजे कंपनी उद्या बुडणार असं नाही, पण घरातलं सोनं बँकेत गेलं की आपण जसे जरा सावध होतो तसं व्हायचं. इंडिगोचंच बघा, राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल दोघांनी मिळून काढलेली, पण २०२२ मध्ये गंगवाल बोर्डावरून बाहेर पडले आणि तेव्हापासून त्यांच्या बाजूचे शेअर टप्प्याटप्प्याने विकले जातायत, हे सगळं त्या पॅटर्नमध्ये तिमाहीगणिक दिसतं. स्पाइसजेट पण लिस्टेड आहे. तिची कहाणी तर सिरियलसारखी, मूळ मोदीलुफ्त, मग रॉयल एअरवेज, २००५ मध्ये स्पाइसजेट, २०१० ला सन टीव्हीवाले कलानिधी मारन आले, २०१५ ला सुरुवातीच्या मालकांतले अजय सिंग परत. लिस्टेड नसेल तर ग्रुप शोधायचा. स्टार एअर म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचा संजय घोडावत ग्रुप, जानेवारी २०१९ पासून उडतेय. फ्लाय९१ चं घर गोव्यात मोपाला, मार्च २०२४ पासून. अकासा मुंबईची, राकेश झुनझुनवालांनी पैसे घातलेली, ७ ऑगस्ट २०२२ ला पहिली फ्लाइट मुंबई-अहमदाबाद आणि बरोबर आठवड्याने झुनझुनवाला वारले.

जाता जाता कोडचं सांगतो, म्हणजे फ्लाइट नंबरच्या आधी येणारी दोन अक्षरं, ते पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. इंडिगो ६ई, अकासा क्यूपी, स्पाइसजेट एसजी, स्टार एस५, अलायन्स ९आय. फ्लाय९१ चा कोड आयसी आहे, तोच जो एकेकाळी इंडियन एअरलाइन्सचा होता, जुन्या लोकांना तिकिटावर आयसी बघून दचकायला होतं. आणि एअर इंडियाचा फ्लाइट नंबर चार आकडी आणि दोनने सुरू होत असेल तर विलीनीकरणानंतर तो नंबर विस्ताराच्या विमानांना दिलेला, ज्यांना विस्ताराच्या सीट आवडायच्या ते अजून हे बघून तिकीट काढतात.

आता विमानं, इथे लोक हमखास फसतात. पेपरमध्ये येतं अमक्याची ५०० विमानांची ऑर्डर, तमक्याची ४७० ची, आणि आपल्याला वाटतं वा. ऑर्डर म्हणजे साखरपुडा, विमान घरात आलेलं नसतं. इंडिगोने जून २०२३ मध्ये पॅरिसच्या एअर शोला एका दमात ५०० एअरबस सांगितली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०, २५० एअरबसकडे आणि २२० बोइंगकडे. अकासाच्या ऑर्डरी मिळून २२६ बोइंग ७३७ मॅक्स आणि २०२५ मध्ये हातात होती तिशीच्या आसपास, कारण बोइंगकडूनच वेळेवर येत नव्हती. त्यामुळे वहीत तीन आकडे लिहायचे: सांगितलेली, आलेली, आणि आज उडणारी. तिसरा आकडा महत्त्वाचा, बाकी दोन गप्पा मारायला.

तिसरा आकडा का, त्याला गो फर्स्ट आठवा. वाडिया ग्रुपची, २००५ पासून गोएअर म्हणून उडणारी, एअरबसची निओ, म्हणजे नव्या इंजिनांची विमानं चालवणारी मुंबईची कंपनी. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा घोळ झाला, बदली इंजिनं मिळेनात, जवळपास निम्मी विमानं जमिनीवर, आणि ३ मे २०२३ ला सेवा बंद. ताफ्याची यादी तेव्हाही भरलेलीच दिसत होती! वर ती विमानं भाड्याची, तर ज्यांची होती त्यांना ती परत मिळायला एप्रिल २०२४ उजाडला, तेही दिल्ली हायकोर्टाने सांगितल्यावर. तिकीटवाल्यांचे पैसे अडकले ते वेगळंच. आज उडणारी किती हे बघायला प्लेनस्पॉटर्सची साइट चांगली, तिथे प्रत्येक विमानापुढे चालू की पार्क ते लिहिलेलं असतं. शंका आली तर फ्लाइटरडारवर, म्हणजे विमान कुठे आहे ते नकाशावर दाखवणाऱ्या साइटवर, ते विमान टाकून बघा, आठवडाभर हललं नसेल तर ते धरू नका.

भाड्याचं ऐकून घाबरू नका मात्र. इंडिगोची चारशेवर विमानं, त्यातली बरीचशी लीजवरच, विकत घ्यायचं, लगेच लीजवाल्याला विकायचं आणि त्याच्याकडूनच भाड्याने चालवायचं, हा तिचा जुना धंदा. बघायचं ते वेट लीज आणि डॅम्प लीज. वेट म्हणजे विमान, पायलट, क्रू, मेंटेनन्स सगळं दुसऱ्याचं, डॅम्प म्हणजे पायलट त्यांचे, आत केबिन क्रूमध्ये आपले पण. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-अॅमस्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स अटलांटिककडून डॅम्प लीजवर घेतलेल्या बोइंग ७८७ ने. वाईट काही नाही त्यात, पण सीट, जेवण, स्क्रीन हे नेहमीच्या इंडिगोसारखं नसणार एवढं माहीत हवं.

विमानाचा प्रकार पण लिहा, कारण त्यावर तुमचा प्रवास ठरतो. एटीआर ७२ म्हणजे पंख्यांचं विमान, सीट दोन-दोन, पंख वर असल्यामुळे खिडकीतून खाली सगळं दिसतं, मोपाहून उठताना तर फारच भारी. चढायचं मागच्या दाराने, त्यामुळे पुढची सीट घेऊन लवकर उतरायचा प्लॅन फसतो, हे मी स्वतः केलंय. स्टार एअरकडे दोन प्रकारची एम्ब्रेअर आहेत, १४५ मध्ये ५० सीट, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, ती एकटी सीट मिळाली तर खिडकी पण तुमची आणि पॅसेज पण तुमचा. १७५ मध्ये ७६ सीट, इकॉनॉमीत दोन-दोन. मधली सीट नसलेलं विमान म्हणजे माझ्या मते अर्धं सुख तिथेच.

गल्फवाल्यांसाठी एक ओळ: एमिरेट्स आणि फ्लायदुबई दोन्ही दुबई सरकारच्या, पण एमिरेट्सकडे सगळी मोठीच विमानं, ए३८०, ७७७ आणि आता ए३५०, फ्लायदुबईकडे छोटी ७३७. दोघांचं कोडशेअर आहे, म्हणजे एकीच्या फ्लाइटचं तिकीट दुसरी आपल्या नंबरने विकते, त्यामुळे एमिरेट्सचं तिकीट म्हणून घेतलं आणि पुढच्या टप्प्याला ७३७ समोर आलं असं होतं. तिकिटावर बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ लिहिलेलं असतं, ते वाचा, कुठल्याही एअरलाइनचं असो.

आता रूट. रूट मॅप बघून काही कळत नाही, सगळीकडे रेघाच रेघा. बेस शोधा, म्हणजे विमानं रात्री कुठे उभी राहतात. एसटीत कसं, डेपोची गाडी पहाटे वेळेवर सुटते आणि लांबून येणारी गाडी कधी येईल ते कंट्रोलरलाही माहीत नसतं, विमानाचं अगदी तसंच आहे. एक ए३२० दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं, मध्ये थांबतं अर्धा-पाऊण तास, सकाळी धुक्यात दिल्लीला तास गेला की तो तास दिवसभर पुढच्या पुढच्या गावाला सरकत जातो. म्हणून मुंबईसारख्या बेसवरून सकाळची पहिली घ्या. आणि तुमच्या गावाला रात्री विमान थांबतच नसेल तर तुमची फ्लाइट म्हणजे कुणाची तरी परतीची फेरी आहे, हे धरूनच पुढचं कनेक्शन ठरवा. दोन तासांचं कनेक्शन मी तरी अशा ठिकाणी घेत नाही.

छोट्या गावांचं अजून एक. बरेचसे रूट उडान योजनेतले, म्हणजे छोटी गावं विमानाने जोडायच्या सरकारी योजनेतले असतात, त्यात अर्ध्या सीटना भाड्याची मर्यादा, सरकारकडून तुटीची भरपाई आणि त्या रूटवर एकटीचा हक्क, हे सगळं तीन वर्षांसाठी. भरपाई थांबली की बरेच रूट गायब होतात. जळगावकरांना विचारा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन आली १९ सीटरचं बीचक्राफ्ट घेऊन, ती गेली, मग ट्रूजेट आली, ती कंपनीच २०२२ मध्ये बंद पडली, मग २०२४ मध्ये फ्लाय९१ आणि अलायन्स. विमानतळ तोच, पाट्या बदलत गेल्या. त्यामुळे उडानचा रूट असेल तर वहीत सुरू झाल्याचं वर्ष लिहा, आणि तिसरं वर्ष चालू असेल तर चार महिने आधी तिकीट काढू नका. शेड्यूल वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, त्या तारखांच्या पलीकडचं तिकीट तर अजूनच जपून.

शेवटी डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, मासिक अहवाल. साइटवर फुकट मिळतो, इंग्रजीत आहे पण तक्तेच आहेत, वाचायला काही लागत नाही. कुणाचा बाजारात किती वाटा, किती सीट भरल्या, किती फ्लाइट रद्द आणि कशामुळे, वेळेवर किती, तक्रारी किती. एकाच महिन्याचा बघू नका, तीन-चार महिन्यांचे शेजारी ठेवा. रद्द होण्याचं प्रमाण चढत असेल आणि कारणात ‘टेक्निकल’ वाढत असेल तर समजा विमानं कमी पडतायत. मोठी कंपनी म्हणजे बिनघोर असंही नाही बरं का, इंडिगोकडे देशातला साठ टक्क्यांहून जास्त बाजार आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या ड्यूटीच्या नवीन नियमांवरून तिचंच वेळापत्रक कोसळलं तेव्हा हजारो फ्लाइट रद्द झाल्या, आणि दुसऱ्या कुणाकडे तेवढ्या सीटच नव्हत्या.

प्रवासाच्या दिवशी फक्त एक काम. फ्लाइटरडारमध्ये आपला फ्लाइट नंबर टाका, बऱ्याचदा सकाळपर्यंत विमानाचं रजिस्ट्रेशन, म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटसारखा त्याचा नंबर, दिसायला लागतं. व्हीटी म्हणजे भारताचं, पुढचं अक्षर आय असेल तर इंडिगो, वायए असेल तर अकासा, टी बहुतेक विस्ताराचं जुनं, आणि भारतीय कंपनीच्या फ्लाइटला व्हीटीच नसेल तर बहुतेक बाहेरून क्रूसकट आणलेलं. त्यावर टॅप केलं की ते विमान आत्ता कुठे आहे ते दिसतं. आई आता निघायच्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आधी फोन करते आणि विचारते, आपलं विमान कुठवर आलंय रे. परवा हैदराबादलाच बसलं होतं ते, मी म्हटलं अजून दोन तास आहेत, निवांत आंघोळ कर.