सिनॅप्सजवळची प्रथिननिर्मिती तपासताना या चुका टाळा

डेंड्राइटमध्ये, म्हणजे चेतापेशीच्या सिनॅप्स (दुसऱ्या पेशीशी जोडणारे सांधे) असलेल्या फांदीत, प्यूरोमायसिनचा (नव्या प्रथिनांवर खूण करणाऱ्या औषधाचा) सिग्नल दिसला, की प्रथिन तिथेच तयार झालं असं धरून चालण्याची चूक सर्रास होते.

प्यूरोमायसिन रायबोसोमवर (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर) वाढणाऱ्या प्रथिनसाखळीच्या टोकाला चिकटतं आणि साखळी अर्धवट तुटून सुटते. सुटलेली साखळी जागेवर थांबत नाही. एमेटिन (प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध) घातलं की ती रायबोसोमलाच अडकून राहते, अशी समजूत होती. 2020 मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी ती खोडून काढली. त्यामुळे प्यूरोमायसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने दाखवलेला ठिपका हा रायबोसोमचा पत्ता मानू नका.

हिशेब करून बघा. साखळीचा विसरणांक (ती पेशीत पसरण्याचा दर) सेकंदाला 5 चौरस मायक्रोमीटर धरला, तर 5 मिनिटांत साखळी सरासरी 55 मायक्रोमीटर सरकते. म्हणजे पेशीकायेपासून (चेतापेशीच्या मुख्य भागापासून) 50 मायक्रोमीटरवरचा सिग्नल जवळजवळ निरुपयोगी. 37 अंशांवर 1 ते 3 मायक्रोमोलार प्यूरोमायसिन 5 मिनिटं द्या, झटपट धुवा आणि लगेच 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करा. अर्धा तास ठेवलंत तर पेशीकायेतला माल डेंड्राइटमध्ये हमखास मिसळतो. मोजणी 100 मायक्रोमीटरच्या पुढे करा. त्याहून भक्कम पुरावा हवा असेल तर पेशी 3 मायक्रोमीटर छिद्रांच्या पडद्यावर वाढवा. तंतू खाली उतरले की वरच्या पेशीकाया खरवडून काढा आणि मगच प्यूरोमायसिन द्या.

कंट्रोलसाठी नुसतं सायक्लोहेक्सिमाइड (प्रथिननिर्मिती रोखणारं औषध) पुरत नाही, कारण ते असतानाही प्यूरोमायसिन काही साखळ्यांना जोडलं जातं. अॅनिसोमायसिन (असंच दुसरं औषध) 40 मायक्रोमोलार, अर्धा तास आधीपासून द्या आणि प्यूरोमायसिनच्या वेळीही राहू द्या. तरीही सिग्नल उरला, तर दोष अँटिबॉडीचा समजा. प्यूरोमायसिन न दिलेली एक काचपट्टी हवीच (हीच बहुतेकदा विसरली जाते).

मेंदूच्या ऊतीपासून सिनॅप्टोन्यूरोसोम (सिनॅप्सचे वेगळे केलेले तुकडे) काढणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यात अॅस्ट्रोसाइटचे (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचे) तुकडे येतात आणि तेही प्रथिनं बनवतात. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीवर) जीएफएपी (अॅस्ट्रोसाइटची खूण) आणि हिस्टोन एच3 (पेशीकेंद्रकाची खूण) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नमुना गोठवू नका, ताजाच वापरा.

सूक्ष्मदर्शकाचं एक्स्पोजर पेशीकायेवर लावलं तर डेंड्राइट काळेच दिसतात. डेंड्राइटवर लावलं तर पेशीकाय संपृक्त होते, आणि मग दोघांचं गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही. दोन वेगळी एक्स्पोजर घ्या, पण कंट्रोल आणि नमुन्यासाठी तीच ठेवा.