चार्टर विमानसेवेचा परवाना: आधी माणसं, मग विमान

चार्टर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार भाड्याने विमान चालवण्याची सेवा, सुरू करायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा विमान बघायला जातो, आणि तिथेच घोळ होतो. भाडेपट्ट्याचं विमान हँगरमध्ये येऊन उभं राहिलं की भाडं, विमा, पार्किंग, देखभाल सगळं सुरू होतं, परवान्याचा मात्र पत्ता नसतो. म्हणून आधी क्रम समजून घ्या.

आपल्याला लागतं ते नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट. या धंद्यात सगळे त्याला एनएसओपी म्हणतात, आणि ते देते डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान 'फक्त इंधनाचे पैसे द्या' म्हणत भाड्याने फिरवणं बेकायदा आहे. काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्या वाटेला जाऊच नका.

कंपनी नोंदवून झाली की डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन पोर्टलवर सुरुवातीच्या ना-हरकतीसाठी अर्ज करा. त्यात विमानाचा प्रकार, मुख्य तळ, भांडवल आणि धंद्याचा आराखडा द्यावा लागतो. संचालकांची गृहमंत्रालयाकडून सुरक्षा पडताळणी होते. तेव्हा नाव-पत्ता सगळ्या कागदांवर सारखाच आहे ना, ते स्वतः तपासा.

तळाचं पार्किंगही आत्ताच बघा. जुहूला जागेची चणचण आहे, आणि पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचंच.

मग माणसं. अकाउंटेबल मॅनेजर (सगळ्या कामाची अंतिम जबाबदारी घेणारा), ऑपरेशन्स, सुरक्षितता, प्रशिक्षण आणि विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणारे प्रमुख. पगार वाचवायला कागदावरची नावं भरू नका. डीजीसीएचे अधिकारी या लोकांना समोर बसवून प्रश्न विचारतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मॅन्युअलमध्ये. ऑपरेशन्स मॅन्युअल, सेफ्टी मॅनेजमेंट, प्रशिक्षण, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट (कोणती उपकरणं बंद असली तरी उडता येतं, त्याची यादी). दुसऱ्याचं मॅन्युअल आणून नाव बदलणारे बरेच असतात, आणि तपासणीत ते लगेच उघडे पडतात. शिर्डीच्या फेऱ्या करणार असाल तर प्रसादातल्या सुक्या खोबऱ्याचं काय करायचं, हे तुमच्या माणसाला तोंडपाठ हवं. त्यातल्या तेलामुळे सुकं खोबरं आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. हात जोडून उभ्या असलेल्या आजींना ते समजावणार कोण, हेही ठरलेलं असावं.

विमान पक्कं करायची वेळ आता आली. आयातीची परवानगी, 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र. याच सुमारास बीसीएएस, म्हणजे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोकडून सुरक्षा कार्यक्रम मंजूर करून घ्या.

शेवटी प्रात्यक्षिकं आणि प्रूव्हिंग फ्लाइट, म्हणजे सगळं नीट चालतं हे दाखवायचं चाचणी उड्डाण. इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वजनकाटा. आठ आसनी विमानात दोन धिप्पाड प्रवासी आणि दोन जड बॅगा मागे गेल्या की विमानाचा तोल बदलतो. प्रवासी कितीही मोठा असो, त्याला काट्यावर उभं करायला तुमचा कर्मचारी कचरता कामा नये. आकडा लोड अँड ट्रिम शीटवर, म्हणजे वजन आणि तोलाच्या हिशोबाच्या कागदावर, चढला की मगच दार बंद करायचं.

परमिट हातात आलं तरी वेळापत्रक छापून नियमित सेवा चालवता येत नाही. आणि दुसरं विमान घेतलंत तर तेही परमिटवर चढवून घ्यावं लागतं. तोवर त्यात एकही प्रवासी बसवू नका.