अंगठा लावायच्या आधी

मी चार वर्षं लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात कामाला होतो. झेरॉक्स, पॅनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीकविमा, सगळंच. आता ते काम सोडलंय, पण तिथं रोज डोळ्यानं जे बघितलं ते लिहायलाच पाहिजे असं लई दिवसापासून वाटायलंय. आपल्याकडं कुणाची माहिती काढायला हॅकर लागत नाही बगा. आधार, पासबुक, सातबारा, दोन फोटो अन फोन नंबर, एवढं सगळं आपण कॅरीबॅगमधी घालून स्वतः नेऊन देतो अन परत येताना विचारतबी नाही की त्याचं पुढं काय झालं.

जुलैच्या शेवटी पीकविम्याची तारीख जवळ आली की दुकानाच्या व्हॉट्सअपवर एका दिवसात शे-दोनशे लोकांची कागदं यायची. ती सगळी कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमधी पडून राहायची, दोन दोन वर्षं, कारण डिलीट करायला कुणाला वेळ होता. बिघडलेल्या झेरॉक्सा खोक्यात टाकायच्या, खोकं भरलं की रद्दीत. म्हणजे तुमच्या आधारची पाठकोरी झेरॉक्स शेजारच्या गाड्यावर भजे बांधायला जाऊ शकते, मी जाताना बघितलीय.

तर दुकानात गेल्यावर करायचं काय. एक तर कागद व्हॉट्सअपवर पाठवूच नका, हातात न्या, स्कॅन झालं की परत घ्या. पाठवायचीच वेळ आली तर काम होईपर्यंत तिथं उभं राहा अन झाल्यावर सरळ म्हणा, भाऊ माझी फाइल डाउनलोडमधून अन रिसायकल बिनमधून काढा. राग येत नाही कुणाला, मला कुणी म्हणलं असतं तर मीबी काढली असती, चार वर्षात म्हणलं फक्त दोघातिघांनी. प्रिंटसाठी तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सअप उघडलं असेल तर घरी येऊन फोनमधी लिंक्ड डिव्हायसेस बघा, दुकानाचा कॉम्प्युटर तिथं दिसला की लॉगआउट करा. बिघडलेली झेरॉक्स मागून घ्या अन फाडा. आपण तिचे पैसे देत नाही म्हणून ती दुकानदाराची होत नाही, नंबर आपला आहे.

आता झेरॉक्स कशाची द्यायची ते. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं, त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात. तुळजापूरला, परळीला, औंढ्याला दर्शनाला गेल्यावर लॉजवाला आधार मागतो ना, तिथं हे द्या, त्याला तुमची ओळख पाहिजे, पूर्ण नंबरचं त्याला काय करायचंय. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमधी अन पुढं जन्मसाल. अन जिथं पूर्णच लागतं तिथं झेरॉक्सवर आडवी सही करा अन लिहा, फक्त अमक्या कामासाठी, तारीख. अक्षरं छापलेल्या मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर हे नक्की करा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर उचल देताना मुकादम कोयत्याचे म्हणजे नवरा-बायको दोघांचे आधार अन पासबुक घेतो, कुठं कुठं ओरिजिनलच ठेवून घेतात. ओरिजिनल देऊ नका. झेरॉक्स द्या अन त्यावर ऊसतोड करारासाठी असं वर्षासहित लिहा. सहा महिने कागद दुसऱ्याच्या घरी अन आपण कोल्हापूर-सांगलीकडं फडात, तेवढ्या दिवसात त्या कागदावर सिम निघू शकतं, कर्ज निघू शकतं अन गावाकडं आल्यावर वसुलीचा फोन येतो तवा कळतं.

सिम निघालंय का हे बघायला पाच मिनिटं लागतात. सरकारची संचार साथी म्हणून साइट अन ॲप आहे, साइट २०२३ ला सुरू झाली, तिथं नंबर अन ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपल्या राज्यात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. यादीत ओळखीचा नसलेला नंबर दिसला की त्याच्यापुढं माझा नंबर नाही असं निवडून तक्रार टाका. फोन हरवला तर तोबी तिथूनच ब्लॉक करता येतो. कर्जाचं बघायचं तर सिबिलसारख्या, म्हणजे कुणाच्या नावावर किती कर्ज आहे त्याची नोंद ठेवणाऱ्या, प्रत्येक क्रेडिट ब्युरोनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो वर्षाला एकदा काढून बघत जा, आपण न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं.

आता अंगठ्याचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी मावशी, वय ६५, निराधारचे पैसे येतात तिला. मागच्या पावसाळ्यात केवायसी करायची म्हणून एकानं तिचा अंगठा घेतला, मग म्हणला मावशी नीट उमटला नाही, परत लावा. तीनदा लावला तिनं. महिन्यानं बँकेत गेली तर खात्यात ४० रुपये. तिचा फोन नंबर बँकेला जोडलेलाच नव्हता म्हणून मेसेज कुणालाच आला नाही. कुणी केलं ते आम्हाला माहीत आहे पण सिद्ध करता आलं नाही, पावती नव्हती. मावशी बोलली नाही काही, पण दोन दिवस जेवली नाही.

हे होतं कसं तर आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस, तिला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, एटीएम लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव अन बोट, एवढ्यावर एका वेळेला १०,००० पर्यंत निघतात. सोय चांगली आहे, ज्या गावात बँक नाही तिथं बँकमित्राकडं म्हातारी माणसं ह्याच्यावरच पैसे काढतात, नसता तालुक्याला जाण्यात दिवस मोडतो. पण मशीनवर केवायसी चालली का पैसे निघायलेत हे अंगठा लावणाऱ्याला दिसत नाही. अन अंगठ्याला तुम्ही स्वतः हजर पाहिजे असंबी नाही, २०२३ मधी कर्नाटकात जमिनीच्या रजिस्ट्रीच्या कागदावरचे ठसे उचलून त्याचे नकली अंगठे बनवून पैसे काढल्याचं प्रकरण पोलिसांनी पकडलं होतं.

म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी पहिलं काम, बँकेत चालू फोन नंबर जोडा अन मेसेज यायलेत का बघा. त्यांच्याकडं फोन नसेल तर तुमचा जोडा. दुसरं, बायोमेट्रिक लॉक. मायआधार साइटवर आधार नंबर अन ओटीपीनं लॉगिन करा, तिथं लॉकचे दोन पर्याय असतात, एक आधार लॉक अन एक बायोमेट्रिक लॉक. आपल्याला बायोमेट्रिकवालं पाहिजे. ते केलं की बोट, डोळे, चेहरा कशावरच व्यवहार होत नाही, खरा अंगठा लावला तरी मशीन नाही म्हणतं.

पण ह्यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो, नसता रेशनच्या दुकानात भांडणं व्हायची. लॉक केल्यावर रेशनच्या मशीनवरबी अंगठा चालत नाही, केवायसीला चालत नाही, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला चालत नाही. तेव्हा तिथं उभं राहून १० मिनिटासाठी उघडायचं, नंतर ते आपोआप परत लॉक होतं. उघडायला ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणून तो फोन जवळ पाहिजे, नाहीतर तो ज्याच्याकडं आहे त्याला फोन लावून ओटीपी घ्यायचा. आमच्यात मावशीच्या आधारला जोडलेला नंबर माझ्याकडं आहे, ती रेशनच्या रांगेत लागली की मला मिस कॉल देती, मी पुण्यात बसून उघडतो. आधारला नंबरच जोडला नसेल तर आधी ते करा, आधार केंद्रावर होतं, पोस्टमनकडून बी होतं. अन ज्यांना दर आठवड्याला बँकमित्राकडं जावंच लागतं त्यांना हे लॉक-अनलॉक जमायचं नाही, त्यांनी खात्यात थोडेच पैसे ठेवावेत अन बाकीचे दुसऱ्या खात्यात. एटीएमवर भागत असेल तर बँकेत अर्ज देऊन एईपीएसच बंद करून मागा.

अन अंगठा लावताना दरवेळेला, कशाचा आहे ते विचारा, स्क्रीन बघा, पावती घ्या. परत लावा म्हणला तर आधी पहिल्याची फेल झालेली पावती मागा. मायआधार साइटवरच ऑथेंटिकेशन हिस्टरी म्हणून आहे, मागच्या ६ महिन्यात तुमचं आधार कुठं कुठं वापरलं ते तारखेसहित दिसतं, घरातल्या सगळ्यांचं एकदा बसून बघा.

फोनचं आता पटपट सांगतो. गावच्या ग्रुपवर पीएम किसानची यादी, लग्नपत्रिका, आरटीओचं चलान अशा नावानं फाइल येते अन शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ते ॲप आहे, पत्रिका नाही. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, बहुतेक त्याचाच फोन हॅक झालेला असतो. उघडली की ती तुमचे मेसेज वाचायला लागते, म्हणजे ओटीपी गेलेच. व्हॉट्सअपला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, ६ आकडी पिन, अन ग्रुपमधी कोण घेऊ शकतं तिथं माय कॉन्टॅक्ट्स करा. कर्ज देणाऱ्या ॲपनं कॉन्टॅक्ट अन गॅलरीची परवानगी मागितली तर तिथंच थांबा. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मधीच सांगितलंय की कर्जाच्या ॲपनं फोनबुक, फोटो, कॉल लॉग बघायचे नाहीत. जे ॲप तरी मागतं ते उद्या तुमच्या पाहुण्यारावळ्याला फोन करून इज्जत काढायला मागतं. टाकलेलंच असेल तर सेटिंगमधी परमिशन मॅनेजर उघडून एक एक बंद करा.

दुकानात बिलाला मोबाइल नंबर मागतात, तोबी द्यायची सक्ती नाही, ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ ला दुकानदारांना तसं सांगितलंय. नंबर नाही देत म्हणलं की बिल होतंच, मी करून बघितलंय. लातूरला क्लासेसच्या चौकशीला जाणाऱ्या आईबापांना तर हात जोडून सांगतो, प्रत्येक काउंटरवर नंबर लिहून देऊ नका. दहावीचा निकाल लागायच्या आत फोन सुरू होतात, मग दोन वर्षांनी मेडिकलच्या नीट परीक्षेच्या निकालानंतर ॲडमिशन करून देतो म्हणणाऱ्यांचे, लेकराचं नाव, मार्क, सगळं त्यांना पाठ असतं. चौकशीला घरातला जुना दुसरा नंबर द्या. लेकराचा तर देऊच नका.

काही लोक म्हणतात हे प्रायव्हसी बियव्हसी शहरातल्या लोकांचं आहे. तसं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी मिळून सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, अन त्यात माझी मावशीबी आली.

अन समजा पैसे गेलेच, तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, लाजत बसू नका, पोरगा आल्यावर बघू म्हणू नका, जेवढं लवकर तेवढं समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात. मग बँकेत लेखी तक्रार अन तिची पोच. चूक तुमची नसेल अन ३ कामाच्या दिवसात बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. आमच्या वेळेला महिना उलटून गेला होता. आता मावशीच्या पासबुकाच्या कव्हरवर मी मार्करनं मोठ्या आकड्यात १९३० लिहून ठेवलंय, खाली माझा नंबर.