पावसाळ्यात कोंबडीच्या पिल्लांना लस पाजताय? आधी पाण्यातलं क्लोरीन बघा

पाऊस लागला की पाणी गढूळ होतं, टाकीत टीसीएल (क्लोरीनच्या ब्लीचिंग) पावडरीचं प्रमाण वाढतं आणि त्याच पाण्यात लस कालवली जाते. जिवंत लसीतला विषाणू क्लोरीननं तिथेच मरतो. पुढे मर लागली की दोष लसीला जातो.

बलकातून मिळालेली आईची प्रतिपिंडं दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. स्वतःची प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी गुदद्वाराच्या वरच्या बाजूच्या 'बर्सा' या पिशवीत तयार होतात. गंबोरो हा विषाणूजन्य रोग नेमका तीच पोखरतो, मुख्यतः 3 ते 6 आठवड्यांच्या वयात. बर्सा गेली की लासोटा ही मानमोडीची (राणीखेत रोगाची) लसही नीट लागू पडत नाही. मग मानमोडी आणि कोलाय (ई. कोलाय जिवाणूंचा आजार) दोन्ही घुसतात. म्हणून गंबोरोचा एक डोस वाया जाणं फार महागात पडतं.

लसीकरण (हॅचरीत काय दिलंय ते विचारून, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं तारखा जुळवा):
- 5–7 दिवस: लासोटा, डोळ्यात थेंब
- 12–14 दिवस: गंबोरो, पाण्यातून
- 21–28 दिवस: लासोटा, पाण्यातून

लसीच्या 48 तास आधी पाण्यातलं क्लोरीन, ॲसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारं द्रव्य), औषधं सगळं बंद. ड्रिंकर (पिल्लांची पाण्याची भांडी) साध्या पाण्यानंच घासा. पाणी गढूळ असेल तर लसीपुरतं उकळून पूर्ण गार करा. क्लोरीन टाकायचा मोह नको. 1,000 पिल्लांना वयाचे जितके दिवस तितके लिटर, म्हणजे 14व्या दिवशी 14 लिटर पाणी घ्या. त्यात लिटरला 2.5 ग्रॅमप्रमाणे 35 ग्रॅम स्किम मिल्क पावडर ढवळा, 20–30 मिनिटं थांबा, मगच लस घाला. तोवर लस बर्फातच ठेवा. पिल्लं आधी तासभर तहानलेली ठेवा. उकाडा असेल तर त्याहून कमी. लसीचं पाणी एक ते दोन तासांत संपलं पाहिजे. अर्ध्या तासात संपलं तर दुबळ्या पिल्लांच्या चोचीला काही लागलं नाही असं समजा. क्लोरीन पुन्हा 24 तासांनी.

लासोटानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री शेडमध्ये हलकी शिंक ऐकू आली तर लस बहुधा लागली, असा अनुभवी माणसांचा ठोकताळा आहे. घरघर वाढली तर मात्र पशुवैद्यकाला बोलवा.

'इम्युनिटी बूस्टर'ची बाटली गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याला सरळ नाही म्हणा. मेलेली लस टॉनिकनं जिवंत होत नाही. तो पैसा खाद्य कोरडं ठेवण्यात घाला: पोती फळीवर, भिंतीपासून दूर. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बर्सा आणि थायमस (रोगप्रतिकारशक्तीची दुसरी ग्रंथी) दोन्ही आक्रसवतं, मग बिनक्लोरीनच्या पाण्यातली लसही निम्मीच कामी येते. वास मारणारं खाद्य कितीही उरलेलं असो, पिल्लांना घालू नका.