फ्रेंच-स्पॅनिश 'जाणे'चं लॅटिन मूळ शोधताना या चुका टाळा

फ्रेंच-स्पॅनिश शिकायला घेतलं की महिन्याभरात लोक व्युत्पत्ती सांगू लागतात आणि 'जाणे' या क्रियापदापाशी हमखास घसरतात. शब्दकोशातलं मूळ रूप धरायचं आणि बाकीची रूपं ओढूनताणून त्याच्यातूनच काढायची, ही घाई नडते.

फ्रेंचमध्ये मूळ रूप 'आले', 'तो जातो' म्हणजे 'व्हा' आणि 'तो जाईल' म्हणजे 'ईरा'. 'व्हा' आलं लॅटिन 'वादेरे'तून (जाणे, चालणे). 'ईरा' ही 'ईरे' (जाणे) आणि 'हाबेत' (त्याच्याकडे आहे) यांची जोडणी. 'आले' बहुधा 'आंबुलारे'तून, म्हणजे चालण्यातून; त्यावर मतभेद आहेत. असं का झालं? 'ईरे'ची वर्तमानकाळी रूपं 'एओ', 'ईस', 'ईत' इतकी तोकडी होती की बोलताना झिजून ओळखू येईनात. त्यांच्या जागी दणकट रूपं आली. मराठी माणसाला हे नवं वाटू नये: आपलं 'जातो' संस्कृत 'या' धातूचं आणि 'गेला' मात्र 'गत'वरून आलेलं.

सगळ्यात जास्त गोंधळ स्पॅनिश 'फुई'चा, म्हणजे 'मी गेलो'चा. 'ईरे'चा भूतकाळ 'ईवी', त्याचं 'हुई' झालं आणि पुढे 'फुई', अशी साखळी बिनदिक्कत मांडली जाते. ती दिशेतच चुकते. स्पॅनिशमध्ये शब्दारंभीचा 'फ' गळून 'ह' होतो, लॅटिन 'फाकेरे'चं 'आसेर' झालं तसा. लिहिताना 'ह' उरतो, उच्चारात तोही नाही. 'ह'चा 'फ' होत नाही. 'फुई' ही मुळात लॅटिन 'असणे'ची भूतकाळी रूपं, जशीच्या तशी. 'मी तिथे होतो' म्हणजे 'मी तिथे जाऊन आलो', एवढ्याच वाटेने ती 'जाणे'कडे आली. म्हणून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'मी गेलो' आणि 'मी होतो' दोन्हींसाठी 'फुई' चालतं.

माझी सवय: कागदावर वर्तमान, अपूर्ण भूत, पूर्ण भूत, भविष्य अशा चार ओळी. प्रत्येक रूपासमोर त्याच काळाचं, त्याच पुरुषाचं लॅटिन रूप. स्पॅनिश 'इबा'समोर (मी जात होतो) लॅटिन 'ईबाम' आलं की जोडी आपोआप दिसते. भविष्याच्या ओळीत मात्र लॅटिनचं स्वतःचं भविष्यरूप शोधू नका. तिथे ईरे-हाबेतसारखी जोडणीच लिहा. ही ओळ गाळणारे तिथेच अडकतात.

लॅटिन कोशात क्रियापद 'मी'च्या रूपाखाली असतं. 'ईरे' शोधायचं तर 'एओ' उघडा.

तारांकित रूप, म्हणजे ज्याच्याआधी * असतं ते, तर्काने बांधलेलं असतं. ते लिखित पुराव्यासारखं देऊ नका.

संस्कृत 'एति' आणि लॅटिन 'ईत' (दोन्ही म्हणजे 'तो जातो') ही भावंडं आहेत. एकातून दुसरं निघालेलं नाही.